बनारसला गेले आणि तीन दिवस कॉलेजात बसले

मे महिन्यात मी निवृत्त झाले. कराडच्या एका शाळेत उभं आयुष्य गणित शिकवलं. निरोपाच्या दिवशी सहकाऱ्यांनी चाकांची मोठी बॅग दिली, आता भरपूर फिरा म्हणाले, आणि जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर त्यांच्यापैकी कुणाचा फोन आला नाही. त्यात त्यांची चूक नाही, जून महिना शाळेत कसा असतो ते मला ठाऊक आहे. बॅग कपाटावर पडून होती. काशीला जायचं बहिणीबरोबर ठरलं होतं, तर ऐनवेळी तिचा गुडघा सुजला. मुलगा बंगळुरूहून म्हणाला, पुढच्या वर्षी सगळेच जाऊ. "सगळेच" हा शब्द आमच्या घरात बरीच वर्षं फक्त फोनवर वापरला जातो. मी तिचं तिकीट रद्द केलं, माझं ठेवलं.

पुण्याहून बनारसला थेट गाडी आहे, पण रोज नसते, तेव्हा तिकीट आधी काढा. देवदिवाळीत, म्हणजे तिथल्या कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास, जाणार असाल तर खोली त्याहून आधी बघा, त्या दिवसांत भाडी तिप्पट-चौपट होतात. मी गर्दी ओसरल्यावर, डिसेंबरच्या सुरुवातीला गेले. प्रवास दिवसाहून जास्त आहे. समोरच्या बाकावरचं कुटुंब जबलपूरला उतरलं, त्यानंतर उतरेपर्यंत मी चहावाल्याखेरीज कुणाशी बोलले नाही.

कॅन्ट स्टेशनवरून मैदागिनपर्यंत टोटो मिळतो. टोटो म्हणजे बॅटरीवरची रिक्षा. पुढे गल्ल्या, आणि पायीच जायचं. चाकांची बॅग नेऊ नका. दगडी फरशा, पायऱ्या, शेण आणि मध्ये उभी गाय, यांत चाकांचा काही उपयोग नाही. चौखंब्यातून बालाजी घाटाच्या वरच्या अंगाला येईपर्यंत माझा खांदा भरून आला.

मी उतरले ते रेखाताईंच्या घरी. त्यांच्या सासरच्या पिढ्यान् पिढ्या इथेच गेल्या. वरच्या दोन खोल्या त्या मराठी पाहुण्यांना देतात. स्वतः जवळच्या एका मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका आहेत. त्यांनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "या, या. गाडी लेट झाली का? हात-तोंड धुऊन घ्या, मी तोवर चाय बनवते." त्यांची मुलं शिकून दिल्लीला गेली. नवरा बँकेतून आला की टीव्ही लावतो. घरात मराठी बोलायला आता पाहुणेच उरलेत, असं त्या हसत म्हणाल्या, आणि मग चहा संपेपर्यंत आम्ही दोघी कशाबद्दल ना कशाबद्दल बोलत राहिलो.

पहिले दोन दिवस मी सगळे करतात तेच केलं. सकाळी कचौडी-जिलेबी, त्यावर मलइयो. दुधाचा केशरी फेस असतो तो, फक्त थंडीत आणि फक्त सकाळी मिळतो, ऊन चढलं की विरतो. मग घाटाघाटाने चालत अहिल्याबाई घाटापर्यंत गेले. मणिकर्णिकेवर थांबले नाही, लाकडांच्या थप्प्यांमधून पुढे निघाले. सगळीकडे माणसंच माणसं होती आणि कुणीतरी कुणालातरी हाक मारत होतं. चांगलं काही दिसलं की मी शेजारी बघायची, आणि मग फोन काढून फोटो घ्यायची.

तिसऱ्या दिवशी रेखाताई म्हणाल्या, "तुम्ही टीचर होता ना, मग आमचं स्कूल बघायला चला."

शाळेत सहावी ते बारावीच्या मुली आहेत. कुणाचे वडील माग चालवतात, कुणाचे नाव वल्हवतात, कुणाची आई घाटावर फुलं विकते. शेवटचा तास सगळ्या शाळेचा अभ्यासाचा असतो. त्या तासाला कुठल्याही शिक्षिकेला सुट्टी नाही, खेळाच्या बाईसुद्धा बसतात. प्रत्येक शिक्षिकेकडे सहावीपासून बारावीपर्यंतच्या मुलींचा एक गट, आणि मुलगी शाळा सोडेपर्यंत तिच्याच गटात. घरी जाण्यापूर्वी प्रत्येकीने न कळलेलं काहीतरी मोठ्याने विचारायचंच. नववीनंतर मुलींना वर्षातून दोनदा कॉलेजात नेतात, वाचनालयात बसवतात, कँटीनमध्ये खायला घालतात. पुढे त्या फाटकातून एकटीने आत जाताना पाय अडू नयेत, हा हेतू. आमच्या शाळेत मार्कांसाठी शिकवण्या पुष्कळ होत्या, पण आख्खी शाळा एका गोष्टीमागे लागलेली मी पाहिली नव्हती.

फाटकापाशी एका मुलीचा हार घातलेला मोठा फोटो होता. मला वाटलं, गेली बिचारी. रेखाताई म्हणाल्या, नाही, ही पूनम. नावाड्याची मुलगी, प्रवेश परीक्षेत शाळेतून पहिली आली, शहरातल्या मोठ्या कॉलेजात तिला जागा मिळाली. मग म्हणाल्या, दिवाळीनंतर छठपूजेची सुट्टी झाली तशी ती कॉलेजला गेलेलीच नाही. घरीच बसते. शाळेच्या गल्लीतून जात नाही, शिक्षिका घरी गेल्या तर मागच्या दाराने निघून जाते. परीक्षा तोंडावर आली आहे. कॉलेजातल्या एका प्राध्यापिकेने सांगितलंय, या आठवड्यात वर्गात दिसली तर परीक्षेला बसू देऊ, नाहीतर वर्ष गेलं.

"आम्ही तिला दरवाजापर्यंत पोचवलं," रेखाताई म्हणाल्या. "आत काय होतं, ते कुणी विचारलंच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूनमच्या वडिलांच्याच नावेत बसले. रेखाताईंनीच ती नाव दाखवली होती. मी कोण ते त्यांना आधीच सांगून टाकलं. वल्हं न थांबवता ते म्हणाले, "हम तो नाव जानते हैं, मैडम. कॉलेज में क्या होता है, हमको क्या पता. पूछते हैं तो कहती है, सब ठीक है."

फेरी संपल्यावर ते मला घरी घेऊन गेले. पूनम पायरीवर बसून मटार सोलत होती. मी शाळेतली नाही, लांबून आलेली आहे, चार दिवसांनी जाणार आहे, हे कळल्यावर ती उठून गेली नाही. मी पण मटार सोलायला बसले. बराच वेळ आम्ही बनारसच्या थंडीबद्दल बोललो. मग मी विचारलं, तिथे कुणी त्रास दिला का?

ती म्हणाली, नाही, तसं काहीच झालं नाही. सगळ्या मुली आधीपासून एकमेकींना ओळखायच्या. ती डबा जिन्यात उभी राहून खायची. एक दिवस वर्गात हात वर करून प्रश्न विचारला, शाळेत विचारायची तसा. सरांनी नंतर भेट म्हटलं आणि पुढे शिकवत राहिले.

"लड़कियाँ हँसीं?" मी विचारलं.

"नहीं आंटी. कोई हँसा भी नहीं. हँसते तो पता चलता कि किसी ने सुना."

मी पुढची शेंग उचलली. थोड्या वेळाने तिने विचारलं, तुमच्याबरोबर कोण आलंय? मी म्हटलं, कुणी नाही. कचौडी कुणाबरोबर खाता? मी म्हटलं, उभ्याने, एकटीच. तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

मी तिला समजावलं वगैरे काही नाही. एवढंच म्हटलं, मला इथे काही काम नाही, देवळं बघून झालीत. तू कॉलेजला जाणार असशील तर मी येते, बाहेर बसते, दुपारी आपण दोघी जेवू. तिने होकार दिला नाही. फोटो अजून तिथेच आहे का, एवढं विचारलं. संध्याकाळी मी ते रेखाताईंना सांगितलं. त्या चप्पल घालून निघाल्या आणि शिपायाला शाळा उघडायला लावून त्यांनी तो फोटो स्वतः उतरवला.

सकाळी पूनम मैदागिनच्या नाक्यावर उभी होती.

कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकाला. वाहतुकीत तास मोडतो, तेव्हा तिकडे जायचं तर सकाळी लवकर निघा. रेखाताईंनी त्या प्राध्यापिकेला फोन केला होता, म्हणून पहारेकऱ्याने मला आत सोडलं. आवारात कडुलिंबाखाली सिमेंटचा बाक होता, तिथे मी बसले. कधीच न शिकलेल्या कॉलेजात, न ओळखणाऱ्या मुलींच्या घोळक्यांमध्ये शाल गुंडाळून बसलेली बाई. दोन-तीन तासांतच मला तिचं म्हणणं कळलं. वाईट कुणीच वागत नाही, नजर फक्त तुमच्यावरून पुढे जाते.

दुपारी ती आली. रेखाताईंनी दिलेले पराठे आम्ही खाल्ले. कुणाशी बोललीस का, मी विचारलं. तिने नाही अशी मान हलवली. दुसऱ्या दिवशीही तेच. त्या दिवशी येताना टोटोत ती म्हणाली, बुडालेल्या धड्यांच्या नोट्स कुणाकडे मागायच्या तेच कळत नाही. मी म्हटलं, वर्गात तुझ्यासारखी एकटी बसणारी आणखी कोण आहे? तिने आठवून पाहिलं. एक आहे, चंदौलीहून रोज येते, शेवटच्या बाकावर असते.

तिसऱ्या दिवशी मधली सुट्टी झाली आणि पूनम आली नाही. मी डबा मांडीवर घेऊन वाट पाहिली. निघून तर नाही ना गेली, म्हणून उठले आणि वाचनालयाच्या बाजूला वळले. पायऱ्यांवर ती एका मुलीला लागून बसली होती. दोघींच्या मध्ये वही होती, आणि पूनम बोट ठेवून काहीतरी विचारत होती. त्या मुलीने आपल्या डब्यातली पोळी लोणचं लावून तिच्या हातावर ठेवली.

मी आल्या पावली परत फिरले. बाकावर बसून पराठे एकटीने खाल्ले. डोळे भरून आले ते नेमके कशामुळे, ते मला अजून नीट सांगता येत नाही. ती तिथे बसली याचा आनंद होता, आणि दोन दिवस माझ्याबरोबरही जेवायला कुणीतरी होतं, ते संपलं होतं.

परतीच्या दिवशी पूनम कॉलेजात होती, तेव्हा भेट झाली नाही. रेखाताई मैदागिनपर्यंत बॅग धरायला आल्या. म्हणाल्या, आता आम्ही ठरवलंय, कॉलेजात गेलेल्या मोठ्या मुली नव्या मुलींना पहिलं वर्षभर दर आठवड्याला भेटणार. शाळा दारापाशी संपवायची नाही. मग म्हणाल्या, "तुम्ही गेलात की परत हिंदीच हिंदी." मी त्यांचा हात बराच वेळ धरून ठेवला.

कराडला घर होतं तसंच होतं. जाणार असाल तर सांगते, आठवडा पुरतो, लोकरी कपडे न्या, मलइयो चुकवू नका. घाट सुंदर आहेत, पण मला आता ते फोटोंमधूनच आठवतात. आठवतो तो बाक.

पूनम परीक्षेला बसली. एक पेपर राहिला, बाकीचे निघाले. ती दर रविवारी फोन करते, आठवड्यात कुणाशी काय बोलली ते सांगते. गेल्या रविवारी तिचं सगळं सांगून झालं आणि तिने विचारलं, "और आंटी, आज आपने किससे बात की?"

मी आठवून पाहिलं. म्हटलं, "तुमसे."

मग म्हणाली, "कल किसी और से भी कीजिएगा."

सोमवारी सकाळी मी समोरच्या दाराची बेल वाजवली. दिवाळीपासून तिथे एक कुटुंब राहायला आलंय, त्यांचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं.