मीठ कमी हाय

शिरवणे गावात लग्नाच्या हळदीचे वडे म्हटलं की माणसं संध्याच्या दाराकडे बोट दाखवतात. तांदूळ, उडीद, धणे, मेथी जाडसर दळून आणायचं, कढत पाण्यात मळून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी ओल्या फडक्यावर थापून कढईत सोडायचं. कृती सगळ्या गावाला येते. तरी संध्याचा वडा टम्म फुगतो आणि इतरांचा कधी फुगतो, कधी रुसून बसतो. का, असं विचारलं तर ती "काय म्हाईत" म्हणते. तिला खरंच माहीत नाही.

पण हळदी काही बारा महिने नसतात. नवऱ्याची, तेजसची, कंपनीतली नोकरी कायमची होती ती कंत्राटी झाली, तेव्हा संध्याच्या मनात आलं की सानपाड्या-नेरुळच्या सोसायट्यांमधली माणसंही रविवारी कोंबडी शिजवतातच की. त्यांना वडे का नकोत? त्यांच्यापर्यंत पोचायचं कसं, एवढाच प्रश्न होता. मग तिने फोनवर पेज काढलं.

सासूबाईंनी, म्हणजे विमलबाईंनी, पहिल्याच दिवशी कायदा केला. विमलबाई वाईट सासू नव्हेत. फक्त त्यांचं मत कुणी विचारायच्या आधी येतं, आणि त्यांच्या तोंडी वड्याचा वरा होतो.

"सुनंनं गावाला त्वांड दावायचा नाय," त्या म्हणाल्या. "हात दाव. वरे हातानंच करतंस ना?"

मग काय, पेजवर नुसते हात. हात पीठ मळताहेत, हात वडा थापताहेत, मागे कुठलंतरी गाणं. बघणारे कोण? माहेरची दोन माणसं, तेजसचे मित्र, आणि तेजस स्वतः, तोही बायकोच्या धाकाने. महिना गेला तरी पेजवरून एक ऑर्डर येईना. संध्या चिकाटीची, म्हणून तिने सोडलं नाही.

अशात एका रविवारी हिरामण आबा मध्ये घुसले.

आबा म्हणजे तिचे चुलत सासरे. भिंतीला भिंत लागून घर, दोन्ही घरांना मिळून एकच लांब ओटा. जन्मभर भातशेती केली, शेती गेली तशी खोल्या बांधून भाडेकरू ठेवले, आणि उरलेला वेळ ओट्यावर बसून जगाच्या चुका काढल्या. संध्या ओट्यावर शेगडी मांडून व्हिडिओ घेत होती. आबा आले, पाट ओढला, फोनच्या बरोब्बर समोर बसले आणि कढईतून नुकताच निघालेला वडा उचलून तोंडात टाकला. फुंकर नाही, काही नाही. सावकाश चावला. मग फोनकडे बघून, पंचायतीत निकाल द्यावा तसं म्हणाले, "मीठ कमी हाय."

"आबा, मीठ बरोबर हाय," संध्याचा आवाज आला.

"मंग दुसरा दे. नीट बघून सांगतो."

दुसरा वडा मिळाला. तो हातात घेऊन आबा उठले. "निवांत खातो," म्हणाले आणि धोतराचा सोगा सावरत आपल्या घराकडे निघून गेले.

संध्याने हसत हसत तसाच टाकला तो व्हिडिओ, आणि रात्रीत पेजला पाय फुटले. कामोठ्यापासून वाशीपर्यंत माणसं आबांवर खूश झाली. तेव्हापासून दर रविवारी आबांचं ठरलेलं. वडा खायचा, मीठ कमी म्हणायचं, दुसरा घ्यायचा आणि घरी निघून जायचं. मीठ कधीच कमी नसायचं. एकदा संध्याने मुद्दाम चिमूटभर जास्त घातलं. आबांनी तोंड वाकडं केलं, दोनदा पाणी प्यायले आणि म्हणाले, "मीठ कमी हाय." तो व्हिडिओ तर इतका फिरला की उरणहून तिच्या आईचा फोन आला.

ऑर्डरी येऊ लागल्या. पहिल्या गिऱ्हाइकांमध्ये सानपाड्याची क्षिप्रा होती. दुकानांच्या जाहिराती करणं हाच तिचा कामधंदा. वडे न्यायला आली ती ओट्यावर टेकली, आणि दोघींची चांगली गट्टी जमली. तिनेच संध्याला शिकवलं की रोज रोज व्हिडिओच्या मागे धावायचं नाही. रविवारी दोन-तीन करून ठेवायचे, फोनमध्ये दिवस आणि वेळ लावायची, म्हणजे ते आपोआप जातात. गजर लावतो तसंच. "आणि ताई, शेवटी आबा उठून गेले की तिथेच काप. मागचं रिकामं शेपूट कुणी बघत नाही," एवढंही सांगितलं. संध्या कापायची. घाईत एखाद्या वेळी राहून जायचं.

या सगळ्यात एका माणसाने पेज कधी पाहिलं नव्हतं. आबांची बायको, रखमा काकी. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्या घराचा उंबरा ओलांडत नसत. त्यांच्याकडे जुना बटणांचा फोन. नवरा गावोगाव प्रसिद्ध झाला हे त्यांना शेजारणींनी सांगितलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "घरात पन तेच बोलतो."

तर अशा त्या आबांना एका बुधवारी सकाळी झोपेतच मरण आलं. ऐंशीच्या पुढचं वय, आजार ना दुखणं. आळी म्हणाली, पुण्यवान माणूस. म्हणायला काय जातं, ज्याच्या घरातलं जातं त्यालाच कळतं.

भावकीत माणूस गेलं की तेलाची कढई चढत नाही, बाराव्यापर्यंत. संध्याला कुणी सांगावं लागलं नाही. शेगडी तिने आत नेऊन ठेवली. भिजवलेलं पीठ गाईला घातलं. ऑर्डर दिलेल्या एकेकाला फोन करून "घरात दुःख झालंय" म्हणून कळवलं. नेहमीचा मसाला वाटायचा तोही ठेवून दिला. जे जे बंद करायचं ते सगळं तिने आठवून आठवून बंद केलं. फोनमध्ये बुधवारची वेळ लावून ठेवली होती, ती तेवढी डोक्यातून साफ गेली.

आबांची मुलगी यायची म्हणून सगळे थांबले होते. दुपार कलताना आबांना उचललं. पुरुष निघून गेले, मागे घरात बायका राहिल्या. मधोमध रखमा काकी बसलेल्या, पदर तोंडात धरून. एक भाची त्यांची पाठ चोळत होती. तिचा फोन वाजला, तिने सवयीने त्यावर बोट ठेवलं, आणि घरभर आबांचा खणखणीत आवाज घुमला.

"मीठ कमी हाय!"

रडणाऱ्या बायका एकदम गप्प झाल्या. एकीने तर दाराकडे पाहिलं. भाचीच्या हातून फोन सुटला, मग तिने तो कसाबसा उचलून बंद केला. आणि रखमा काकींनी मान वर केली. सगळ्यांना ओलांडून त्यांनी थेट संध्याकडे पाहिलं. कितीतरी वेळ. संध्याला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं.

विमलबाईंनी तिला दंडाला धरून मागच्या दारी नेलं. आवाज चढवता येत नव्हता, म्हणून दातातून बोलल्या, "मानूस अजून जलला नाय आनि तू त्याला वरे खाया बसवलास? धंद्याला काय लाज-शरम?"

"आई, ते आपोआप गेलं. मी लावून ठेवलेला…"

"लावून ठेवलेला! काढ तो. आताच्या आता काढ. आनि ते पेज बंद कर."

संध्याने पेज उघडलं. व्हिडिओखाली लोकांनी लिहायला सुरुवातही केली होती. आबा एक नंबर. आबांना मिठाची बरणी भेट द्या. आबा, शंभर वर्षं जगा. तिने तो व्हिडिओ काढून टाकला. मग भीतीने म्हणा, लाजेने म्हणा, आबांचे सगळेच काढले. फोनमध्ये ठेवलेले मूळ व्हिडिओ पण पुसले. चोरी लपवावी तसं तिने तो माणूस पुसून टाकला आणि मग तिथेच, न्हाणीच्या भिंतीला टेकून, तोंडावर हात दाबून रडली.

पुढचे दिवस तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. शेजारी भाकरी-भाजी रोज पोचत होती, पण घेऊन विमलबाई जायच्या. संध्या ओट्याच्या त्या अर्ध्या भागाकडे बघतही नव्हती. हळदी तोंडावर आलेल्या. रखमा काकी आळीत सगळ्यांत मोठ्या. त्या नुसतं एकदा म्हणाल्या असत्या की या सुनेचे वडे नकोत, तर गावात तिच्याकडे कुणी फिरकलं नसतं. पण धंद्याचं तर राहूच द्या. लग्न होऊन आल्यावर या परक्या घरात पहिली वर्षं जिने सांभाळून घेतलं, त्या काकीला आता तोंड दाखवायचं कसं, हे तिला जास्त खात होतं.

बाराव्याच्या दिवशी सकाळी काकींचा निरोप आला. आज कढई चढायची होती, पानाला वडे हवे होते. पीठ रात्रीच मळून ठेवलेलं, वडे संध्याने करायचे.

"जा," विमलबाई म्हणाल्या. "काय बोलल्या तर ऐकून घे. उलटून बोलू नको. आनि तो फोन घरात ठेव."

फोन कमरेला खोचलेला तसाच राहिला. संध्या गेली. मान खाली घालून तिने वडे थापले, तळले. सगळे फुगले. पहिलं पान आबांचं. त्यांच्या फोटोसमोर ते वाढलं आणि ती मागे सरकली, तोच काकींची हाक आली.

"संध्या. इकरं ये. बस."

संध्या जवळ जाऊन बसली. दारात विमलबाई येऊन उभ्या राहिल्या.

"काकी, माझी चूक झाली," संध्या म्हणाली. "मना ध्यानातच राहिला नाय…"

"ता राहूं दे. त्या दिशी तो बोल्ला, पुढचा ऐकू नाय दिला मना त्या पोरीनं. पुढं काय बोल्ला? दाव मना."

संध्याने वर पाहिलं. काकी त्या दिवशी पाहत होत्या तशाच पाहत होत्या, आणि त्यात राग नव्हता. तेव्हाही नव्हता. एवढे दिवस संध्या उगाच ज्याला राग समजत होती, ते पुढचं ऐकायची वाट बघणं होतं.

"काकी, मी पुसला तो. सगलेच पुसले."

काकी पदराच्या टोकाची गाठ तेवढी सोडत राहिल्या, बांधत राहिल्या. ते संध्याला बघवेना. तिने कमरेचा फोन काढला, सासूकडे न बघता, आणि सानपाड्याला क्षिप्राला लावला. काय झालं ते चार वाक्यांत सांगितलं. पलीकडून क्षिप्रा म्हणाली, "ताई, घाबरू नको. पेजवरून काढलेलं लगेच जात नाही, महिनाभर कचऱ्यात पडून असतं. मी सांगते तसं बोट ठेव."

संध्या बोट ठेवत गेली. आणि एका क्षणी आबा आले. पाटावर बसलेले, टोपी जरा कलती.

तिने फोन काकींच्या हातात दिला. विमलबाई दारातून पुढे आल्या आणि जावेच्या खांद्यावरून वाकून बघू लागल्या. आबांनी वडा चावला. मीठ कमी हाय म्हणाले. दुसरा मागितला, घेतला, निवांत खातो म्हणून उठून गेले. पडद्यावर रिकामा पाट राहिला. घाईत शेपूट कापायचं राहून गेलं होतं. संध्या फोन घ्यायला हात पुढे करणार, एवढ्यात व्हिडिओतच, भिंतीपलीकडून, लांबून, आबांचा आवाज आला. ओट्यावर ते कधी बोलत नसत इतका हळू.

"ऊठ गो. गरम हाय तवर खा."

आणि मग व्हिडिओ संपला.

"मीठ बरोबर असाचा," काकी म्हणाल्या. "मना दर येलेला आनून द्याचा. बायकोसाठी वरा दे, असा सुनंजवल बोलाची लाज वाटाची त्याला. म्हनून मीठ कमी." त्यांनी फोन संध्याकडे दिला. "पुसू नको. असूं दे लोकांना. परत दाव मना."

परत दाखवला. मग पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळी विमलबाईंनी पदराने डोळे पुसले आणि चुलीचा धूर लागतोय म्हणाल्या. गॅस होता.

जेवायची वेळ झाली. मोठी म्हणून आधी काकींना वाढलं. त्यांनी वड्याचा तुकडा मोडला, तोंडात टाकला, सावकाश चावला. भावकीतल्या बायका त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. संध्याही बघत होती.

"मीठ कमी हाय," रखमा काकी म्हणाल्या.

संध्याने कढईतला दुसरा वडा काढून त्यांच्या ताटात ठेवला. काकींनी तो उचलला, गुडघ्यावर हात टेकत उठल्या, आणि नेऊन आबांच्या पानावर ठेवला.