सरांचा गुरुवार

वाघमारे सर गेल्याचं मला कँटीनच्या रांगेत कळलं. कारखान्यातल्या शेजारच्या शॉपमधला एकजण म्हणाला, "अहो, तुमचे ते मास्तर गेले की! हार्ट अटॅक." हातातलं ताट तसंच राहिलं… महिना होत आला, पण जेवायला बसलं की अजून तेच आठवतं.

सर पिंपरीत कामगार वसाहतीतल्या शाळेत गणित शिकवायचे. वडील कंपनीत हेल्पर, हे घरातले पहिले पदवीधर. आमच्याकडे पगाराच्या कामाला कॉम्प्युटर आलाय आणि मी त्या खात्यात आहे, हे कळल्यावर एक दिवस थेट दारात हजर. "राव, मला शिकवा. मी पोरांना शिकवतो." मला हसू आलं. म्हटलं, "सर, मशीन कुठाय तुमच्याकडं?" "पोरं हायत की!" आमच्या पट्ट्यात विजेच्या टंचाईमुळे कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. मग दर गुरुवारी शाळा सुटली की सर माझ्या खोलीवर शिकायला यायचे आणि शनिवारच्या तासाला पोरांनाच मशीन करायचे. एकीनं आकडे लक्षात ठेवायचे, दुसऱ्यानं बेरीज करायची, तिसरीनं फळ्यावर उत्तर लिहायचं. उत्तर चुकलं की कुठं चुकलं ते सगळ्यांनी मिळून शोधायचं, आणि काय तो गलका! मुख्याध्यापक वैतागले. म्हणाले, "एकदा खरं मशीन दाखवा मुलांना. नाहीतर हे खेळ बंद, तो तास मी शिवणाला देतो."

आमच्या साहेबांनी "आण कधीही" म्हटलं होतं. मी छाती ठोकून सरांना सांगितलं, "आणा गुरुवारी!" अहो, गुरुवार म्हणजे सरांचा वार, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं… पोरं इस्त्रीचे कपडे घालून, मुख्याध्यापकांसकट गेटवर आली, तर अख्खी कंपनी बंद. वीज नाही, मशीनच्या खोलीला कुलूप. गाढवपणा सगळा माझा! सर मात्र मुख्याध्यापकांना म्हणाले, "वार ठरवताना मीही होतो." तास गेला तो गेलाच.

सरांनी घरापुढच्या ओट्यावर वर्ग भरवायला सुरुवात केली. भेटले की विचारायचे, "साहेबांना परत विचारलं का?" मी म्हणायचो, "बघतो." त्या फजितीचा विषय साहेबांपुढं काढायची लाज वाटायची, बाकी काही कारण नव्हतं. सर म्हणायचे, "सवडीनं बघा…" भांडले असते तर आज बरं वाटलं असतं मला.

सर गेल्यावर घरी भेटायला गेलो. वहिनींनी पाणी दिलं. म्हणाल्या, "पोरं अजून येत्यात भाऊ. ओट्यावर बसत्यात अन् जात्यात. काय सांगू त्यांना?" दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये शिरलो. फाइलमधून मान वर न काढता ते म्हणाले, "मंगळवारी आण. एवढंच ना? आधी का नाही बोललास?"

मंगळवारी पोरं आली. गेटवर वॉचमननं विचारलं, "यांचे सर कोण?" सगळी माझ्याकडं बघायला लागली. 'मी' म्हणायची माझी लायकी नव्हती. म्हटलं, "वाघमारे सर." वॉचमननं मान हलवली, पोरांना आत घेतलं, आणि सर मागून येत असतील म्हणून गेट उघडं धरून उभा राहिला.