पाहुणे, दार आणि मोरी

सेल काढायला सांगितले होते, मी कॅमेऱ्याचे मागचे झाकण उघडले. आत रोल होता.

माझ्या बायकोच्या मामांसारखा जपणूक करणारा माणूस पंचवटीपासून सातपूरपर्यंत दुसरा सापडायचा नाही. लोक आपली तब्येत जपतात. मामा कॅमेऱ्याची जपत, आणि त्याला छत्री धरून स्वतः भिजत. रविवार कारंज्याजवळचा त्यांचा स्टुडिओ मोबाइलने कधीच गिळला, पण रोलचा तो कॅमेरा घरी निवृत्त न्यायाधीशाच्या थाटात नांदत होता. राहायला घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, अंगावर मामींच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा, आणि उशाशी ओल शोषणाऱ्या पांढऱ्या पुड्या. या पुड्या चपलांच्या खोक्यांत निघतात. सिन्नरच्या एका लग्नात नवरदेवाचे बूट पळवायला मेहुण्या टपलेल्या, आणि त्यांच्याही पुढे मामा: "बुटांचं खोकं कुठंय? पुडी टाकून नाही ना दिलीत?" बूट मेहुण्यांना मिळाले, पुडी मामांना.

पण त्यांचा खरा जीव सेलांवर, म्हणजे सेलांच्या धास्तीवर. शर्टाच्या गुंडीएवढे ते दोन सेल. मामा त्यांना 'पाहुणे' म्हणत. "काम झाल्यावर पाहुणा घरात राहिला, की घाण करतो." आत राहिलेला सेल पाझरतो, आतले पितळ हिरवे पडते आणि कॅमेरा जन्माचा मुका होतो. म्हणून सकाळी सेल कोरड्या रुमालाने पुसून आत घालायचे, डोळा लावून उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा हलतो का पाहायचे, संध्याकाळी पुन्हा बाहेर. एकदा मी उघड्या हाताने सेल उचलला, तर म्हणाले, "जावईबापू, भजी खाल्लेला हात आहे तो. आता त्याला आंघोळ घालू का?" मामी स्वयंपाकघरातून ओरडल्या, "माझ्या गोळ्यांची वेळ विसरतील, पाहुण्यांची नाही विसरायचे!"

ते खरे ठरले नाही. शेवटच्या वर्षी मामा मामींच्या गोळ्याही त्याच रुमालावर मांडून ठेवत. आणि मधूनच, कारण नसताना, त्यांचा एक फोटो काढत. छत्तीसचा रोल तेहतिसावर आला आणि मामी गेल्या. "रोल धुऊन घ्या की, मामा," मी म्हणायचो. "अजून तीन शिल्लक आहेत," एवढेच उत्तर. ते तीन त्यांनी काढले नाहीत. पाहुणे मात्र रोज आत, रोज बाहेर.

मग एका दुपारी मामांच्याच छातीत कळ आली. दवाखान्यात नाकाला नळी लावलेल्या अवस्थेत त्यांनी मला खुणेने जवळ बोलावले. मला वाटले, मृत्युपत्र.

"पाहुणे आतच राहिलेत," ते म्हणाले. "आजच बाहेर काढा. जमेल?"

"त्यात काय, मामा!"

माझ्या आयुष्यातल्या बहुतेक दुर्घटना या तीन शब्दांनी सुरू झाल्या आहेत.

त्यांच्या घरी गेलो, कॅमेरा घेऊन खिडकीशी बसलो. भर उन्हात, नीट दिसावे म्हणून. कॅमेऱ्याच्या मागच्या झाकणाला मामा 'दार' म्हणत, हे मला पाठ होते. सेल मात्र बुडाशी, नाण्याने फिरणाऱ्या चकतीखाली असतात आणि त्या जागेला मामा 'मोरी' म्हणतात, हे मी कधी कान देऊन ऐकलेच नव्हते. पाहुणे दारातून जातात, एवढी अक्कल मी चालवली. दार उघडले. न धुतलेली फीत उजेडाच्या तिरिपेनेही जळते, आणि या करड्या फितीवर तर भर ऊन पडले. दार लगेच आपटून लावले, पण आत गेलेला उजेड काही परत बाहेर येत नसतो.

सेल शेवटी कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याने काढून दिले. पाच दिवस मी दवाखान्यात जाऊन "पाहुणे गेले" एवढेच सांगत होतो. मामा समाधानाने डोळे मिटत, आणि मी मुकाट्याने भाताचा डबा उघडून देई. सहाव्या दिवशी ते घरी आले, तेव्हा दार उघडल्याचे सांगितले.

मामा रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी फीत गुंडाळून घेतली, अंधारासाठी न्हाणीघराच्या दाराच्या फटींना चादरी लावल्या आणि रोल धुवायला आत गेले. मी बाहेर पाटावर बसलो. आतून फक्त पाण्याचा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने ते ओली फीत चिमट्याला लावून बाहेर आले. एकापाठोपाठ एक काळी ठिक्कर घरे. मामींचे अख्खे शेवटचे वर्ष. गुंडाळीच्या पार आत होता म्हणून पहिलाच फोटो तेवढा वाचला होता.

तो मला आठवत होता. मामी झोपाळ्यावर बसल्या होत्या आणि ऐन वेळी मी "माझाही येऊ द्या!" म्हणत मध्ये घुसलो होतो. फोटोभर मीच आहे: डोळे मिटलेले, तोंड उघडे. माझ्या खांद्यामागून मामींचा एक कान दिसतो, त्यातली मोत्यांची कुडी, आणि हसण्याची एक कड.

मामांनी तो मोठा करून बैठकीच्या खोलीत लावला आहे. येणाराजाणारा आधी मला ओळखतो, मग कुडी ओळखतो आणि अवघडून चहाचा कप उचलतो. परवा न राहवून मी म्हणालो, "मामा, मला कापून टाका ना त्यातून."

मामा लुगड्याच्या तुकड्याने काचेवरची, बरोबर कुडीवरची, धूळ टिपत होते.

"कापलं असतं," ते म्हणाले. "पण ती तुमच्यावर हसतेय. गाढवच काढून टाकलं, तर ती कशाला हसतेय ते कोणाला कळणार?"