कांदा आणि भिंतीवरचा नियम

बुक्कीनं फोडलेल्या कांद्याचा वास आला की मला आमच्या शाळेचं कबड्डीचं मैदान आठवतं आणि आजही डोकं सणकतं. तालुक्याचा अंतिम सामना होता. पकडीत माझं डोकं समोरच्या मुलीच्या गुडघ्यावर आपटलं आणि मी आडवी झाले. शुद्धीवर आले तेव्हा क्रीडाशिक्षक माझ्या नाकाशी फोडलेला कांदा धरून बसले होते, जसं काही मला मिरगीच आली होती. मला टेकवलं होतं त्या भिंतीवर शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांसाठी नुकताच एक नियम रंगवला होता: डोक्याला मार लागलेल्या विद्यार्थ्याला पुन्हा खेळवू नये, आधी डॉक्टरांना दाखवावे. त्याचा ऑइलपेंट अजून हाताला चिकटत होता. मी म्हटलं, ‘‘सर, मले एकाचे दोन दिसून राह्यले.’’ ते म्हणाले, ‘‘काही नाई होत. ग्लुकोज पे अन् जाय आत.’’ माझ्या मैत्रिणीनं भिंतीकडे बोट दाखवलं, तर तिच्यावरच खेकसले, ‘‘ते साहेबायसाठी हाय, आपल्यासाठी नाई!’’ मी आत गेले. पुढचं मला काहीच आठवत नाही. शेवटची चढाई मीच केली आणि तिच्यामुळं शिल्ड आली, असं लोक सांगतात. परवा वर्ध्याच्या बसस्टँडवर तेच सर भेटले. मोठ्या कौतुकानं म्हणाले, ‘‘काय खेळली होती वं पोरी त्या दिवशी! आठवते ना?’’ मी म्हटलं, ‘‘खेळ नाई आठवत, सर. तुमचा कांदा आठवते.’’