भिंतीकडं तोंड करणारा माणूस

आमच्या शाळेचा कंप्युटर दुरुस्त करायला येणारा माणूस कुणाचा पासवर्ड बघायचा नाही. "टाका की," म्हणत भिंतीकडं तोंड करून उभा राहायचा.

एकदा लेकीच्या लग्नाची रजा संपवून आलेल्या क्लार्क बाईंना पासवर्डच आठवेना. बाहेर दाखल्यांसाठी पोरांची रांग लागलेली. बाई रडकुंडीला आल्या.

"पासवर्ड डोक्यात नसतोय बाई, बोटांत असतोय," तो भिंतीकडं बघत म्हणाला. "हात ठेवा बटनांवर आन् सांगा, लग्नात जेवाण काय केलतं?"

बाई खुलल्या. जिलेबी, मसालेभात, मठ्ठा... सांगता सांगता बोटं आपोआप चालली आणि लॉगिन झालं! आम्ही टाळ्याच वाजवल्या.

तो मात्र अजून पाठमोराच. "व्हय, पर मठ्ठा पुरला का?"