घडावरची चिमणी

तुम्ही हसणार, हे मला माहीत आहे. हसा बापडे! पण चहाचा कप आधी खाली ठेवा, आणि आमच्या अक्कासमोर हा विषय चुकूनही काढू नका. ती अजून माझ्याशी धड बोलत नाही.

मी चित्रकलेचा मास्तर. म्हणजे होतो. साताऱ्यात शाळेचे फळे आणि गॅदरिंगचे पडदे रंगवण्यात हयात गेली. फळा पुरा झाला की कोपऱ्यात मी एक चिमणी काढायचो. एक पाय उचललेली, शेपटी वर. नाव लिहायची लाज वाटायची म्हणून ती चिमणी हीच माझी सही. पोरं मला मागून काय म्हणायची, ते तुम्ही ओळखलंच असेल.

निवृत्त झालो आणि भिंतींचा नाद लागला. आमच्या पेठेत कॉलेजच्या मुलांनी एका पडक्या भिंतीवर भलंमोठं चित्र काढलं होतं. मी बघत उभा राहिलो, तर त्यातली एक मुलगी म्हणाली, "काका, याला स्ट्रीट आर्ट म्हणतात." झालं! मला वाटलं, अरे, म्हणजे आपण जन्मभर घराबाहेर बघायलाच विसरलो की! तेव्हापासून कुठलीही रंगवलेली भिंत दिसली की मी थांबतो. मागे सरकून बघतो, जवळ जाऊन बघतो, फोटो काढतो. आता भिंतीकडे तोंड करून एवढा वेळ उभा राहणारा बाप्या कशासाठी उभा असतो, याबद्दल आपल्याकडे एकच समज आहे. एका आजीने मला छत्री उगारून हाकललंय. पण कलेसाठी माणसाने एवढं सोसायला नको?

तर अक्काच्या ओंकारसाठी स्थळ आलं. ओंकार माझा एकुलता एक भाचा. सुट्टीत आमच्याकडे यायचा, माझ्याबरोबर ब्रश धुवायचा, रंगवायचा. पुढे सांगलीला शिकून इंजिनियर झाला. मुलगी तासगावच्या बाजूची, द्राक्षबागायतदाराची, तिचंही शिक्षण सांगलीलाच. स्थळ सुचवलं कुणी, तर ओंकारच्याच एका मित्राने. आणि एरवी प्रत्येक फोटोला नाक मुरडणारं हे पोर फोटो उलटा असतानाच "मला चालेल" म्हणालं! तेव्हा तरी माझ्या डोक्यात उजेड पडावा की नाही? नाही पडला.

बघण्याच्या दिवशीच नेमकी दाजींच्या रानात ऊसतोडीची टोळी आली. अहो, कारखान्याच्या चिठ्ठीसाठी डोळ्यांत प्राण आणून बसलेला माणूस टोळी दारात आल्यावर हलतोय होय? तेव्हा वडीलधारा म्हणून मी. गाडीत बसतानाच अक्काने बजावलं, "आप्पा, तिथं काय बोलायचं ते बोल, पण भिंतीचं नाव काढलंस तर माझ्याशी गाठ हाय."

"छे गं! मी काय लहान आहे?" मी म्हणालो.

त्या गावाच्या अलीकडे एक बेदाण्याचं शेड लागलं. त्याला लागून एक खोली आणि खोलीच्या पांढऱ्या भिंतीवर, काय सांगू, माणसापेक्षा उंच द्राक्षाचा घड! एकेक मणी असा की हात लावला तर फुटेल. मी ओरडलो, "ओंकार, थांब थांब थांब!"

"मामा, उशीर होतोय." त्याने गाडी आणखीच जोरात मारली.

मी खिडकीतून कसाबसा फोटो घेतला. हलला थोडा. घडाच्या वर एक तपकिरी ठिपका तेवढा आला. ओंकारच्या कपाळावर घाम होता. मला वाटलं, पोरगी बघायला चाललाय, बावरलाय बिचारा.

मुलीचे वडील बापू. धिप्पाड, पांढऱ्या मिशा, बोलणं मोजकं. ओसरीवर बसल्या बसल्या त्यांनी सांगून टाकलं, "आमच्या घरात ठरवूनच लग्नं हुत्यात. तेजूनं अजून मुलाचं तोंड बघितलं न्हाई. आजच बघंल."

"आमच्या ओंकारनंबी न्हाई," अक्का म्हणाली. ओंकार फरशीकडे बघत होता.

तेजू पोहे घेऊन आली. शांत, चटपटीत पोरगी. मला पोरगी पसंत पडली, पोहे पसंत पडले, सगळं छान चाललं होतं. मग बोलणं संपलं. बघायच्या कार्यक्रमात अशी एक वेळ येते बघा, सगळे पंख्याकडे बघायला लागतात. बापूंनी सहज विचारलं, "मास्तर, वाटंत काय तरास न्हाई ना झाला?"

अक्काने माझ्याकडे बघितलं. मी अक्काकडे बघितलं. आणि म्हणालो, "तरास कसला! मी आयुष्यात पहिल्यांदा येतोय ह्या गावात, पण डोळ्यांचं पारणं फिटलं. तुमच्या गावात एक फार मोठा कलावंत आहे, बापू!" आणि फोटो त्यांच्या नाकासमोर धरला.

बापूंचा चेहरा दगडासारखा झाला. मला वाटलं, चित्राने भारावले. कलेचा परिणाम म्हणतात तो हाच! मी आणखी जोरात सुरू झालो. मण्यांवरचा तो उजेड बघा, जांभळ्यात निळा कसा मुरवलाय बघा. टेबलाखालून ओंकारची लाथ माझ्या नडगीवर बसली. मी पाय बाजूला घेतला आणि बोलत राहिलो.

"मास्तर," बापू मध्येच म्हणाले, "ती भिंत माझी हाय."

"मग तुम्ही भाग्यवान!"

"कसलं भाग्य? भर हंगामात घडावर पाखरू बसवलंय कुणीतरी! पाखरं बागंत शिरू नयेत म्हणून आमी जाळ्या लावतोय, आन हितं भिंतीवर पाखरू! माझ्या मालाला दिष्ट लागावी म्हणूनच काढलंय. आमी समदी जतला पाव्हण्यांच्या लग्नाला गेलेलो. आलो तर हे! तेजू तेवढी परीक्षा म्हणून घरात हुती. तिला इचारलं तर म्हणती, कायबी आवाज आला न्हाई."

तेजू रिकाम्या बशा गोळा करत होती. एक बशी दुसरीवर आपटली.

"आन मला म्हाईत हाय कुणी काढलं ते," बापू पुढे झुकले. "दिनकर. माझा चुलतभाव. शेजारी बाग हाय त्याची. यंदा त्याचा माल सादला न्हाई, म्हणून ही जळफळ. तवापासनं बोलणं बंद. चुलती आजारी पडली, तरी मी त्याचा उंबरा चढलो न्हाई. गावच्या तंटामुक्ती समितीत अर्ज दिलाय. त्यास्नी दाखवायसाठी भिंत तशीच ठेवलीया, न्हाईतर कवाच चुना फासला असता. मास्तर, तुमाला हात वळकता येतो?"

आता बघा, इथे एखाद्या शहाण्या माणसाने "चहा छान झालाय" म्हटलं असतं. पण जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला जाणकार म्हणून विचारत होतं! माझी छाती फुगली. "हात? बापू, नुसता फटकारा बघून सांगेन!"

"साक्ष द्याल?"

"का नाही?"

"मामा!" ओंकार कळवळून म्हणाला. "आपल्याला निघायला हवं ना? घरी उसाची तोड चाललीय."

"तोड काय पळून जातीय रं?" म्हणत मी चप्पल घातलीसुद्धा.

सगळे शेडकडे निघाले. पुढे बापू आणि मी, मागे अक्का, तिच्यामागे ओंकार, आणि का कुणास ठाऊक, तेजूही. मी भिंतीसमोर उभा राहिलो. आधी लांबून बघितलं, मग जवळ गेलो. मान तिरकी केली. घसा साफ केला. आणि घडाच्या देठावर बसलेलं ते पाखरू मला पहिल्यांदा नीट दिसलं.

एक पाय उचललेला. शेपटी वर.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! माझी चिमणी! माझी, साताऱ्याच्या फळ्यावरची, थेट तासगावच्या रानात! मी टाळीच वाजवली. "बापू, ही चिमणी माझी! ही अशी चिमणी जगात दोनच हातांना येते. एक हा!" मी हात वर केला.

"आन दुसरा?"

"दुसरा, मी ज्याला माझ्या घरात बसवून शिकवलं तो आमचा ओं..."

तोंड उघडं राहिलं. शब्द मात्र बाहेर पडून गेला होता, अर्धा का होईना. मागे वळून बघायची छाती होईना. शेडवरची जाळी तेवढी फडफडत होती.

मी सावरायला गेलो. "म्हणजे मीच! मीच काढलं हे चित्र, बापू."

"तुमी? आत्ता ओसरीवर म्हणला न्हवं, जल्मात पयल्यांदा आलो ह्या गावात?"

माझ्याच तोंडाने माझी वाट लावली होती. बापू हळूच ओंकारकडे वळले. "काय पाव्हणं, तुमीबी पयल्यांदाच आलाय न्हवं?"

अक्काने पदर तोंडाला लावला. तेव्हा तेजू पुढे आली. "बापू, त्यांना मीच बोलावलं होतं. भिंत ओकीबोकी दिसत होती. आणि आम्ही सांगलीत एकाच कॉलेजात होतो."

मग तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. राग परवडला असता. सगळं जुळवत आणलेलं आपलं घर कुणीतरी काठीने विस्कटलं की माणूस कसं बघेल, तसं बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन पोरांनी थोरांचा मान राखून, घराचा रिवाज सांभाळून, किती जपून ही गोष्ट ओसरीपर्यंत आणली होती! लग्नात मामाने भाच्याच्या पाठीशी उभं राहायचं असतं. आणि मी त्याला भर रानात पुढे ढकलून दिलं, तेसुद्धा टाळी वाजवून.

बापू भिंतीपाशी गेले. आता हे काठी काढणार, असं मला वाटलं. पण त्यांचा चेहरा रागाचा नव्हता. तो माझ्यासारखाच ओशाळा झाला होता.

"म्हंजी दिनकरनं न्हाई काढलं," ते म्हणाले. "आन मी चुलतीला बघायलाबी गेलो न्हाई." मग माझा दंड धरला. "लगनाचं मागनं बघू. आदी चला माझ्यासंगं. साक्ष देणार हुता न्हवं? द्या आता!"

अशी मी साक्ष दिली. बांधापलीकडे दिनकरअण्णाच्या अंगणात, हात जोडून. अण्णा आधी ऐकत राहिले आणि मग असे हसले की खाटेवरची म्हातारी चुलती उठून बसली. "आरं बापू, मला धड रेघ मारता येत न्हाई, पाखरू कुठनं काढू?" हसता हसता त्यांचे डोळे भरले. बापू म्हातारीच्या पायाशी जाऊन बसले. तिने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "लय दिवसानं आलास रं. पोरगा बरा हाय का?"

"चित्रं बरी काढतो," बापू मान खाली घालून म्हणाले.

"मग दे की पोरगी."

एवढ्यात सुटलो असं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं. पण परत शेडपाशी आल्यावर बापूंनी चुन्याची बादली आणि कुंचा माझ्या हातात दिला. "घड ऱ्हाऊ दे. चांगला हाय. पाखरू मात्र माल उतरायच्या आत पुसायचं. आन ते तुमी पुसायचं, मास्तर."

स्वतःची सही कधी स्वतःच्या हाताने पुसलीय तुम्ही? भावी व्याह्यांसमोर, अक्कासमोर, रस्त्याने जाणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांसमोर? ट्रॅक्टर थांबवून बघत होते लोक! मी स्टुलावर चढून आधी पाय पुसला, मग शेपटी. डोळे मात्र पुसवेनात, शेवटी मान फिरवून कुंचा मारला. वरून चुन्याचा अजून एक हात दिला. खाली उतरलो, मागे सरकलो, बघितलं. काम चोख झालं होतं. खरंच, डाग म्हणून राहिला नव्हता.

"झालं," पुन्हा भिंतीपाशी जाऊन मी म्हणालो. अक्काने कपाळाला हात लावला. ओंकार तोंड दाबून वळला. तेजू मात्र त्या दिवसात पहिल्यांदाच खळखळून हसली.

मी भिंतीकडे बघितलं. काम पुरं झालं की माझा हात काय करतो, ते त्याला कुणी सांगावं लागत नाही. त्या ओल्या चुन्याच्या खालच्या कोपऱ्यात माझ्याच बोटाने काढलेली ताजी चिमणी. एक पाय उचललेली.

लग्न ठरलं. माल उतरला की आहे. पत्रिकेत माझंही नाव घातलंय, खालच्या ओळीत का होईना. अक्काने निरोप मात्र तेवढाच धाडलाय: मांडवात यायचं ते दोन्ही हात खिशात घालून, आणि अक्षता टाकायच्या तेवढ्यापुरतेच बाहेर काढायचे.