होडीच्या ट्रेलरची दोन चाकं

वेदगंगेकाठच्या आमच्या गावात तरुण मंडळाची एक होडी आहे. ती दोन चाकांच्या ट्रेलरवर देवळामागं उभी असते. दसऱ्याला धुऊन पुजायची आणि पूर आला की ट्रॅक्टरला जोडून नदीकडं पळवायची, एवढंच तिचं काम. माझं निपाणीच्या हायवेला टायरचं दुकान. माझ्या वडिलांनी, आप्पांनी काढलं, आता मी चालवते. हे सांगताना मान जरा ताठ होते. होऊ दे!

तीन वर्षांमागं खंडेनवमीला गेले, तर पोरं ट्रेलरची चाकं डिझेलच्या फडक्यानं चोळत बसलेली. काळीभोर, चकचकीत. माझं डोकंच फिरलं. "अरं, रबराला डिझेल लावताय व्हय? खाऊन टाकतंय ते!"

मंडळाचे अध्यक्ष, आमचे अण्णा, हसले. "आक्का, पूजेला जरा चमकायला नको?"

मी खाली बसून टायरची बाजू खसाखसा पुसली. चमक गेली आणि भेगा दिसल्या. माझं नख आत शिरत होतं. बाजूवरचे चार आकडे वाचून दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. टायर दहा वर्षांचे निघाले. सहा वर्षं झाली की ट्रेलरच्या टायरवर भरवसा ठेवू नकोस, असं आप्पा सांगायचे.

"टायरवरच्या खाचांची नक्षी तर बघ की, कोरी करकरीत हाय," अण्णा म्हणाले.

"नक्षी पळून झिजती अण्णा. ही चाकं उभ्या उभ्या मेल्यात, ऊन खाऊन. तुमची आई मळ्यात ऱ्हाती, तिला चालता येत न्हाय. मागच्या पुरात ह्याच होडीनं आणली. परत आणायला निघाला आणि वाटंत टायर फुटला तर?"

अण्णांचा चेहरा उतरला. पण माघार घेतील तर ते अण्णा कसले! मग मीही पेटले. "पुरात जाताना होडीत जेवढी पोरं चढून बसतात, तेवढ्या वजनाची वाळूची पोती भरा. देवळाला दोन फेऱ्या मारा. चाकं टिकली तर तुमच्या दारात नाक घासते. फुटली तर दोन्ही बदलायची आणि पुढं मी सांगीन तसं सांभाळायचं."

पहिली फेरी सुखरूप झाली. "आक्का, नाक धुऊन ठेव गं!" पोरं ओरडली. दुसऱ्या फेरीला, वळणावर, धाडकन आवाज झाला आणि होडी एका अंगावर कलली. अण्णांनी वाकून फाटलेला टायर बघितला. खरं सांगते, मला आतनं लई बरं वाटलं.

दोन्ही चाकं नवी आली, शिवाय एक जादा चाक बांधून ठेवलं. आता ट्रेलर चार ठोकळ्यांवर उचललेला असतो, म्हणजे चाकांवर भार येत नाही, आणि ऊन लागू नये म्हणून चाकं पोत्यांनी झाकलेली असतात. महिन्यातनं एकदा सकाळी चाकं गार असताना हवा बघायला मी स्वतः जाते. ट्रेलर पाण्यात बुडून आला की बेरिंगला नवं ग्रीस भरते.

गेल्या पावसाळ्यात नदी मळ्यात घुसली. रस्ता पार उखडलेला, नुसते दगड. ट्रेलर त्यावरनं आदळत नदीपर्यंत गेला आणि तासाभरानं होडी अण्णांच्या आईला घेऊन आली. पोरांनी घोंगड्यात गुंडाळलेल्या म्हातारीला उचलून काठावर आणलं, आणि मी वेडी अजून ट्रेलरची चाकंच बघतेय.

"पोरी, तिकडं काय बघतीस? मी हिकडं हाय!" म्हातारी खेकसली. मला हसू आलं आणि रडूही आलं.

त्या दसऱ्याला अण्णांनी नारळ माझ्या हातात ठेवला. आमच्याकडं बाईमाणूस नारळ फोडत नाही, आणि होडीपुढचा मान तर अध्यक्षाचा. सगळे बघत राहिले.

"फोड गं," अण्णा म्हणाले.

मी आधी टायरवरनं हात फिरवला आणि नाकाशी धरला. डिझेल नाही, नुसता साबणाचा वास. मग नारळ असा हाणला की एका फटक्यात दोन शकलं झाली.